गॅस्केट गळतंय, बाटली ओतू का?

सकाळी गाडी पुसता पुसता वॉचमन म्हणतो, "साहेब, गाडीखाली काहीतरी सांडलंय." पहिलीच गाडी, त्यात सेकंडहँड घेतलेली, म्हणजे पोटात गोळा यायला एवढं पुरतं. मग ऑफिसात कुणीतरी सांगतं की बाजारात एक बाटली मिळते, रेडिएटरमध्ये ओतायची, गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांच्या सांध्यातली गळती रोखणारी पट्टी, आतल्या आत सील होतं. एकीकडे हजार-दीड हजाराची बाटली, दुसरीकडे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलायचं पाच आकडी बिल. हात कुठे जाणार ते सांगायला नको. माझाही गेला होता, त्याची हकीकत पुढे सांगतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. काही गळत्या बाटलीने थांबतात, काही चार दिवस दबून राहतात, आणि काही गळत्यांवर बाटली ओतली की बिल दुप्पट होतं. आपली गळती कुठल्या जातीची, एवढंच शोधायचं आहे.

आधी पुठ्ठा अंथरा

फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या आणि रात्री इंजिनाखाली सरकवून ठेवा. पुढचं डावं-उजवं पेनाने लिहून ठेवा, नाहीतर सकाळी डाग कुठल्या बाजूचा तेच आठवत नाही.

सकाळी डागाला बोट लावून बघा. स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल आणि डाग डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला असेल, तर तो एसीचा निचरा आहे. ठाण्याच्या दमट हवेत तासभर एसी चालवला की तांब्याभर पाणी सहज पडतं. त्याच्यासाठी गॅरेजला धावलेले दोन जण माझ्या माहितीत आहेत. डाग हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, किंचित चिकट आणि गोडसर वासाचा असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून फिरणारं द्रव. ते चाखून बघू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोड असल्यामुळे पार्किंगमधली मांजरं-कुत्री ते चाटतात, तेव्हा डाग लगेच पाण्याने धुऊन टाका. तपकिरी-काळा, बोटांत बुळबुळणारा डाग म्हणजे इंजिन ऑइल.

पुठ्ठा कोरडा, तरी कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरतेय? ही सगळ्यांत वाईट बातमी असू शकते. थंड गाडीच्या बाटलीवर मार्कर पेनाने रेघ मारा आणि चार दिवस रोज सकाळी बघा. बाहेर थेंब नाही आणि रेघ खाली चाललीय, म्हणजे पाणी इंजिनाच्या आत कुठेतरी जातंय.

कुठलं गॅस्केट?

"गॅस्केट लीक आहे" असं मेकॅनिक म्हणाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा. इंजिनात गॅस्केटं बरीच असतात. गॅरेजच्या भाषेत त्या सगळ्यांना पॅकिंग म्हणतात, आणि दोनशे रुपयांच्या पॅकिंगपासून हेडच्या पॅकिंगपर्यंत सगळ्यांना एकच शब्द असल्यामुळे नवा माणूस घाबरतो.

सगळ्यांत वर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग. हे रबराचं असतं, उन्हाने-उष्णतेने कडक होतं आणि इंजिनाच्या अंगावरून ऑइल ओघळतं. ते तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं की सिग्नलला उभं असताना जळका वास येतो. छोट्या पेट्रोल गाडीत हे बदलायला तास-दोन तास लागतात. इथे बाटलीचा विचारही करू नका, पॅकिंगच बाटलीपेक्षा स्वस्त आहे.

सगळ्यांत खाली ऑइल चेंबर, म्हणजे इंजिन ऑइल साठतं ते तळाचं भांडं. कितीतरी गाड्यांत इथे कंपनीतूनच गॅस्केट नसतं, आरटीव्ही सिलिकॉनची, म्हणजे ट्यूबमधून लावायच्या आणि सुकून रबरासारख्या होणाऱ्या सीलंटची, एक रेघ असते. म्हणजे इथे सीलंट हेच खरं औषध, पण लावायची पद्धत बरोबर हवी. ऑइल काढायचं, चेंबर उतरवायचं, जुनं सिलिकॉन खरवडायचं, दोन्ही पृष्ठभाग पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नाही, मग एकसारखी बारीक रेघ ओढून बोल्ट आवळायचे आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू द्यायचं. तो बऱ्याचदा २४ तासांचा असतो. गळतंय तिथे बाहेरूनच बोटाने सिलिकॉन फासणारे मेकॅनिक भेटतील. तेलकट धातूवर सिलिकॉन धरत नाही, महिनाभरात पापुद्र्यासारखं सुटून येतं. उलटा प्रकारही होतो. "जरा जास्तच लावतो, साहेब" म्हणत भरमसाट लावलं की आवळल्यावर जादाचं सिलिकॉन आतल्या बाजूला निघतं, त्याचा तुकडा सुटून ऑइलच्या जाळीत बसतो आणि इंजिनाला ऑइल मिळेनासं होतं.

क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, टोकांना रबरी ऑइल सील असतात. ऑइलमध्ये टाकायची "लीक स्टॉप" बाटली मिळते ती मुख्यतः यांच्यासाठी. तिच्यातलं रसायन कडक झालेलं रबर थोडं नरम करतं, फुगवतं. सील फाटलेलं नसेल, फक्त वाळलेलं असेल, तर थेंब कमी होतात हे खरं आहे. गिअरबॉक्स उतरवून बदलायचं सील असेल आणि गाडी सहा महिन्यांत विकायची असेल तर मी ती टाकेन. कागदी किंवा धातूच्या गॅस्केटवर तिचा काही उपयोग नाही, फुगायला तिथे रबरच नसतं.

आणि मधोमध, ब्लॉक (इंजिनाचा खालचा, सिलिंडर असलेला मुख्य भाग) आणि हेड यांच्यामध्ये चेपलेलं, हेड गॅस्केट. लोक बाटली घेतात ती याच्यासाठी.

हेडचं पॅकिंग गेलंय की नाही

हे एकटं गॅस्केट तीन कामं करतं: सिलिंडरमधला स्फोट कोंडून ठेवतं, शेजारच्या वाटांतून जाणारं कूलंट वेगळं ठेवतं आणि ऑइलही वेगळं ठेवतं. त्यामुळे ते कुठे फाटलंय त्यावर लक्षणं बदलतात.

गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळीच, रेडिएटरचं झाकण उघडा. गरम गाडीचं झाकण कधीही, कितीही घाई असली तरी, उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण फिरवलं की अंगावर येतं. थंड गाडी सुरू करून पाण्याकडे बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे आले तर अडकलेली हवा असेल. बुडबुडे थांबतच नाहीत, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढतात, तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये घुसतोय. दुसऱ्या दिवशी, झाकण लावून, थंड गाडी सुरू करा आणि मिनिटाभरात रेडिएटरचा वरचा पाइप दाबून बघा. पाणी अजून गारच आहे आणि पाइप मात्र दगडासारखा कडक, तर तोच निष्कर्ष.

सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर, गाडी तापल्यावरही न थांबणारा, ही आणखी एक खूण. जानेवारीच्या पहाटे येऊरच्या पायथ्याशी दोन मिनिटं निघणारी वाफ यात धरू नका.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, मेयोनीजसारखा थर दिसला की लोक हाय खातात. पावसाळ्यात गाडी फक्त घर ते स्टेशन एवढीच फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही आणि झाकणाला असा थर येतो. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावर ऑइल स्वच्छ असेल तर एकदा गाडी मुंब्रा बायपासने शिळफाट्यापर्यंत नेऊन आणा, थर जातो. डिपस्टिकवरही चहासारखा रंग असेल तर गाडी सुरूही करू नका. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत.

पक्कं करायचं असेल तर गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट करायला सांगा. काचेच्या नळीत निळं द्रव असतं, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात. त्या हवेत जळलेला वायू असेल तर निळं पिवळं होतं. शिवाय कूलिंग सिस्टिमला पंपाने दाब देऊन गळती शोधता येते. हे दोन्ही न करता "हेड खोलावं लागेल" म्हणणाऱ्याला धन्यवाद म्हणा आणि दुसरं गॅरेज गाठा. पुष्कळदा दोष निघतो तो पाइपच्या ढिल्या क्लिपचा, वॉटर पंपाचा किंवा रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीला गेलेल्या तड्याचा. डिझेल गाडीत तर ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा एक्झॉस्टचा वायू कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तरी हुबेहूब हेड गॅस्केटचीच लक्षणं दिसतात.

बाटलीत असतं काय?

जुने ट्रकवाले रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायचे. पाण्याबरोबर फिरणारी पूड भोकाशी येऊन अडकते, साचते, भोक बुजतं. बाटलीतल्या एका प्रकाराचं तत्त्व हेच आहे, हळदीच्या जागी तंतू आणि धातूचे कण. दुसऱ्या प्रकारात सोडियम सिलिकेट असतं, म्हणजे काचपाणी. ते गळतीच्या गरम जागी पोचलं की त्यातलं पाणी उडतं आणि मागे काचेसारखा कडक थर राहतो.

रेडिएटरच्या जाळीतलं सुईएवढं भोक यांनी बंद होतं, यात जादू नाही. कूलिंग सिस्टिममधला दाब साधारण १ बार, म्हणजे टायरमधल्या हवेच्याही निम्मा. हेड गॅस्केटच्या बाहेरच्या कडेने कूलंट झिरपत असेल तर तिथेही दाब तेवढाच, त्यामुळे बाटलीला तिथे थोडीफार संधी असते.

सिलिंडरच्या कडेचं गॅस्केट जळलेलं असतं तेव्हा गणित बदलतं. पेट्रोल इंजिनात स्फोटाचा दाब ५० बारच्या पुढे जातो, टर्बो डिझेलमध्ये शंभराच्याही वर. २००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला हजार स्फोट होतात. त्यात हेड ॲल्युमिनियमचं आणि बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी तापते-निवते तेव्हा हे दोन पृष्ठभाग एकमेकांवर किंचित सरकतात. काचेचा पापुद्रा त्यात किती दिवस धरणार?

आणि हेड तापून वाकलेलं असेल तर बाटलीला भरायला भोक नसतं, फट असते. बहुतेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हेडला ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपासच वाक चालतो. केसाची जाडी म्हणा ना.

कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल तेव्हा बाटली का ओतायची नाही, याला एक सरकारी पुरावा आहे. अमेरिकेत २००९ साली जुन्या गाड्या देऊन नव्या घ्या अशी सरकारी योजना निघाली होती. जमा झालेल्या गाड्यांची इंजिनं पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ऑइल काढून त्यांत सोडियम सिलिकेटचं द्रावण भरत आणि इंजिन चालू ठेवत. काही मिनिटांत इंजिन जाम. ज्या वाटेने कूलंट ऑइलमध्ये जातंय, त्याच वाटेने बाटलीतलं काचपाणीही जाणार.

माझी बाटली

मे महिना, संध्याकाळची वेळ, कापूरबावडीपासून गाड्या मुंगीच्या पावलांनी. माझ्या दहा वर्षं जुन्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये तापमानाचा काटा नव्हता, नुसता दिवा. तो लाल झाला, आणि "आता घर आलंच" म्हणत मी आणखी दोन किलोमीटर रेटली. चूक तिथेच झाली, बाटली नंतरची.

दुसऱ्या दिवशी बाटली ओतली. गाडी चालली. बुडबुडे कमी झाले, पातळी टिकली, मी ऑफिसात दोघांना बाटलीचं नावही सुचवलं. एकोणिसाव्या दिवशी नाशिकला निघालो आणि कसारा घाटात चढावर बॉनेटखालून वाफ आली. गाडी ट्रेलरवर ठाण्याला परत.

मिस्त्रींनी रेडिएटरमध्ये बोट घालून बाहेर काढलं तर त्यावर ओल्या खडूसारखा राखाडी गाळ. "साहेब, ह्याच्यात काय टाकलं होतं?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त हेडवर पट्टी आडवी ठेवली आणि खालून फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्यांमधलं, एक पातं सरकवलं. ते सहज गेलं. दुसरं, जाड पातं घेतलं, तेही गेलं. वाकलेलं हेड वागळे इस्टेटमधल्या मशीनवाल्याने परत पाठवलं, एवढं घासलं तर हेडची उंची जाईल म्हणून. शेवटी कुर्ल्याहून जुनं हेड आणलं, रेडिएटर नवा टाकला. पहिल्या दिवशीच हेड खोललं असतं तर यातलं बरंच वाचलं असतं, हे मला मिस्त्रींनी सांगितलं नाही, बिलाने सांगितलं.

जुनं गॅस्केट त्यांनी मला पिशवीत घालून दिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर नखाएवढा काळा चट्टा आहे. बाकी सगळं नव्यासारखं.

तरीही ओतायचीच असेल तर

गाडी विकून दुसरी घ्यायला महिना आहे, किंवा गाडीची किंमतच हेडच्या कामापेक्षा कमी आहे, किंवा पगाराला दहा दिवस आहेत. मी कोण नाही म्हणणार? अटी एवढ्याच: गाडी उभ्या जागी वीस मिनिटं न तापता चालली पाहिजे, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ पाहिजे, आणि एखादा सिलिंडर मारायचा थांबलेला नको. यातली एक जरी अट पुरी होत नसेल तर बाटलीचे पैसे टोइंगला ठेवा.

बाटलीवरची सूचना पूर्ण वाचा, कारण दोन प्रकारांच्या पद्धती वेगळ्या आहेत. काचपाण्याच्या काही बाटल्या ग्लायकॉलच्या कूलंटमध्ये ओतल्या की तिथेच गोळे होतात, त्यामुळे आधी कूलंट काढून सिस्टिम साध्या पाण्याने धुवावी लागते. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट बंद ठेवणारी झडप) काढायला सांगितला असेल तर काढा, नाहीतर औषध हेडपर्यंत नीट फिरत नाही. बाटली जोरात हलवा, थंड इंजिनात हळूहळू ओता, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि सांगितलेला वेळ गाडी उभी चालवा. मग रात्रभर थंड होऊ द्या. ज्या बाटलीवर नंतर धुऊन काढा असं लिहिलंय ती धुऊनच काढा. "अजून एक टाकू" हा विचार मनात आला तर समजा की पहिली लागू पडलेली नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. हा गाळ सगळ्यांत आधी अडकतो तो हीटरच्या छोट्या जाळीत. ठाण्यात हीटर लागतो कुणाला, असं म्हणाल. लागतो, गाडी रस्त्यात तापते तेव्हा.

रस्त्यात लाल दिवा लागला तर

एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, आणि पहिली सुरक्षित जागा मिळेल तिथे डावीकडे. इंजिनाची उष्णता हीटर केबिनमध्ये ओढून घेतो, तुम्ही घामाघूम व्हाल पण तेवढा मिनिटभर हेडला मिळतो. गायमुखच्या चढावर असाल तर माथा गाठायचा मोह टाळा. इंजिन बंद करा, पाऊण तास थांबा. गरम ब्लॉकवर बिसलेरी ओतू नका. थंड झाल्यावर पाणी भरूनही पुन्हा तापली तर ट्रेलर बोलवा. साध्या विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाडाचा खर्च मिळत नाही, पण रोडसाइड असिस्टन्स घेतलेला असेल तर टोइंग त्यात असतं.

हेड खोलायला देताना

मेकॅनिकला नुसतं गॅस्केट बदलू देऊ नका. हेड मशीनवर तपासून गरजेपुरता फेस मारायचा, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करायचा, तडा आहे का ते बघायला प्रेशर टेस्ट करायची. त्याच वेळी थर्मोस्टॅट नवा टाका, वॉटर पंप आणि रेडिएटरचा पंखा तपासा. गाडी मुळात का तापली, ते सापडलं नाही तर नवं गॅस्केटही जाणार. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे आहेत का ते मॅन्युअलमध्ये बघा, अनेक आधुनिक इंजिनांत ते ताणले जाणारे असतात आणि नवेच घालावे लागतात. आवळताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्यानेच. "हाताला अंदाज आहे" हे वाक्य हेडच्या बाबतीत ऐकून घेऊ नका.

आणि कूलंट. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकरचं पाणी येतं, तेच बादलीने रेडिएटरमध्ये जातं आणि आत क्षार धरतात. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मॅन्युअलने सांगितलेल्या प्रमाणात मिसळा.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हाही थंड रेडिएटरचं झाकण उघडून आत बोट फिरवा. राखाडी गाळ, तंतू किंवा तांब्याचे चमकणारे कण लागले, तर आधीच्या मालकाने बाटली ओतली आहे. किंमत त्या हिशेबाने बोला, किंवा चहा पिऊन निघा.

काम झाल्यावर पहिले पंधरा दिवस रोज सकाळी कूलंटच्या बाटलीवरची रेघ बघायची. हवा निघून पातळी थोडी उतरते, एकदा-दोनदा भरावं लागतं, मग थांबते. पुठ्ठा मी अजून काढलेला नाही. परवाच वॉचमनने पुन्हा हाक मारली, "साहेब, पाणी पडलंय." खाली वाकून बोट लावलं. वास नाही, रंग नाही, आणि डाग डॅशबोर्डच्या खाली.